गाणारी म्हणून येरमाळ्याला

“हीच का ती गाणारी? बोलत तर न्हाय.”

येरमाळ्याच्या स्टँडवर लिंबाच्या सावलीत दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हे म्हणाली, आणि आवाज खाली करायची तसदी तिनं घेतली नाही. मी मागे वळून पाहिलं. कुणी गाणारी माझ्यामागून उतरत असेल असं मला वाटलं. मागून फक्त एक म्हातारे गृहस्थ काखेत कोंबडी धरून उतरत होते. एस.टी. निघून गेली, धुरळा खाली बसला, तरी त्या दोघी माझ्याकडेच पाहत होत्या.

“मामा,” मी विचारलं, “त्या कुणाबद्दल बोलतायत?”

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. मला घ्यायला ते तुळजापूरपर्यंत आले होते. त्यांनी माझी ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“तुझ्याबद्दल. शुक्रवारी सोसायटीच्या नव्या खोलीचं उद्घाटन हाय. मोठे पाव्हणे येणार. पहिलं गाणं तुझं. आत्यानं सांगितलं न्हाय व्हय?”

आत्यानं सांगितलं नव्हतं. आणि मला गाता येत नाही. नम्रपणानं म्हणतात तसं नव्हे. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा मी नुसते ओठ हलवत असे.

हे मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण माझी एक अडचण आहे. शिक्षण सगळं इंग्रजीतून झाल्यामुळे अवघड काही बोलायचं असलं की वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत आणून जरा बरं करेपर्यंत समोरचं माणूस पुढे गेलेलं असतं. मामा तर खरोखरच पुढे गेले होते. मी त्यांच्यामागून पायवाटेला लागले.

पुण्याला परतल्यापासून मैत्रिणी विचारतात, मराठवाड्यात काय काय पाहिलंस? त्यांना लेणी अपेक्षित असतात. मी एक छोटं गाव पाहिलं, दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि तेही एका भीतीच्या आडून. तेव्हा या वर्णनात प्रेक्षणीय स्थळं फारशी सापडणार नाहीत.

ट्रंकेत काय होतं

आत्याचा गैरसमज कसा झाला ते आधी सांगते.

मला रॉक संगीत आवडतं. पुण्यातसुद्धा हे चारचौघांत बोलायला मी बिचकते, कारण ऐकणारा एकतर हसतो किंवा केस वाढवलेल्या मुलांबद्दल प्रश्न विचारतो. आमच्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर आहे आणि कपाटाचा एक खण भरून लाँगप्ले आहेत. गायकांची नावं देत नाही. घरातही ती कुणाला येत नाहीत. आमच्याकडे रेकॉर्ड ओळखली जाते ती कव्हरवरच्या चित्रावरून. एक ‘निळी’ आहे. तिची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, आणि त्यात ऑर्गन असा वाजतो की रिकाम्या चर्चमध्ये कुणी एकटंच चालतंय असं वाटावं. एक ‘घोडा’ आहे, ती माझ्या भावाची. त्यातली गडबड मला सोसत नाही, पण शेवटच्या गाण्यात गायकाचा आवाज एका ठिकाणी फाटतो आणि त्यांनी तो तसाच ठेवलाय, तेवढ्यासाठी मी ती लावते. आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे ‘खुर्चीवाली’. बर्फाळ शेतात एक रिकामी खुर्ची. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला बास गिटार एकटीच बराच वेळ वाजत राहते, आता काही होणारच नाही असं वाटायला लागतं, आणि मग ड्रम्स येतात, खांद्यानं दार उघडून आल्यासारखे.

‘खुर्चीवाली’ मी साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. गावात ती वाजवायला काही मिळणार नाही हे मला माहीत होतं. काही लोक प्रवासात फोटो नेतात, तसंच ते.

एक कार्यक्रमही सांगायला हवा. कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ‘टिन लँटर्न्स’ नावाच्या बीट ग्रुपचा कार्यक्रम होता. भाऊ घेऊन गेला म्हणून मला जाता आलं, आणि आम्हाला जागा अगदी पुढे मिळाली. गिटारवाल्यानं मध्येच गिटार अॅम्प्लिफायरजवळ नेली आणि तिच्यातून एक कर्कश शीळ उठली. लोकांनी कान झाकले. त्यानं ती थांबवली नाही; हळूहळू तिलाच वळवत तिच्यातून गाणं काढलं. मग धृपदाच्या वेळी गायक खाली उतरला आणि पहिल्या रांगेपुढे माईक धरत चालला. सगळे गात होते. माईक माझ्यासमोर आला. ती ओळ मला झोपेतही आली असती. मी जमिनीकडे पाहिलं. तो पुढच्या मुलीकडे गेला. हे कुणाच्याही लक्षात राहिलं नसेल, मी सोडून.

तर दिवाळीत आत्या आमच्याकडे आली तेव्हा तिनं काय पाहिलं? भाचीच्या खोलीचं दार बंद, आतून दिवसभर गाणी, आणि कपाटात तबकड्यांची चळत. कुणाच्या घरात करवत, रंधा आणि पटाशी दिसली तर आपण त्याला सुतारच म्हणू. आत्यानं तेच केलं. वीस वर्षं ती ज्या गावात राहते आहे तिथे गाणी जमवणारं माणूस गाण्यासाठीच जमवतं. नुसतं ऐकण्यासाठी कुणी इतका खटाटोप करत असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

तुळजापूर, जाता जाता

तुळजापूरपर्यंत मी शेजारच्या काका-काकूंबरोबर गेले होते. त्यांची ती कुलदेवता. देवळाच्या पायऱ्यांवर नारळ, कुंकू, पुजाऱ्यांची ओढाताण, सोलापूरहून एस.टी.नं आलेली कुटुंबं, हे सगळं होतं. पण मी अडकले ते एका गोंधळ्यापाशी. त्याच्या कमरेला संबळ बांधलं होतं, दोन तोंडांचं वाद्य, आणि तो दोन काड्यांनी ते वाजवत होता. आवाज कानात यायच्या आधी पोटात येत होता. टिन लँटर्न्सचा ड्रमर मला आठवला आणि मी जरा जवळ सरकले.

“अगं, अशी टक लावून उभी राहू नकोस,” काकू म्हणाल्या. “पैसे मागेल.”

त्यानं मागितले नाहीत. माझ्याकडे बघून त्यानं ठेका दुप्पट केला आणि भुवया उडवल्या, आणि मी लाजून काकूंमागे गेले. पुढचे सगळे दिवस मी त्या पायऱ्यांची आठवण काढत राहिले. तिथे मला कुणी गाणारी म्हणत नव्हतं.

माळवद

आत्याचं घर येरमाळ्यापासून दीड-दोन कोसांवर. वाटेत काळी जमीन इतकी फाटलेली की भेगेत चप्पल अडकावी. बाभळी तेवढ्या हिरव्या. दूरवर तळ्याचं काम चाललं होतं. माणसांची एक लांबलचक रांग टोपल्या घेऊन बांधावर चढत होती आणि उतरत होती. मामा म्हणाले, निम्मं गाव तिथंच हाय, आणि भाकड जनावरं चारा छावणीत.

घर मातीच्या सपाट छताचं. त्या छताला इथे माळवद म्हणतात. धान्य वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला तेच. दारातच आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला. “बेबी, किती वाळलीस गं. गाणाऱ्या माणसानं खावं. दम लागतो त्याला.”

मी पहिल्याच तासाला एक चूक केली. हात-पाय धुतल्यावर ते पाणी मी अंगणात फेकून दिलं. पुण्यात आपण तेच करतो. आत्याच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या नुसत्या त्या ओल्या मातीकडे पाहत राहिल्या. मग आत्यानं समजावलं. तोंड धुतल्याचं पाणी घंगाळात, घंगाळातलं भांड्यांना, भांड्यांचं म्हशीला. मी फेकलेलं पाणी म्हशीचं होतं. म्हैस दावणीला उभी राहून माझ्याकडे पाहत होती, असं तरी मला वाटलं.

जेवायला हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पातळ माडगं आणि तांबड्या ज्वारीची भाकरी. ही ज्वारी रेशनवर परदेशातून येते. भाकरी चिवट, गार झाली की चामड्यासारखी. पण माडगं गरम, लसणीचा खमंग वास असलेलं, आणि मी दोनदा मागून घेतलं. हे ऐकून आईला अजून खरं वाटत नाही.

जेवताना मी वाक्य तयार केलं. “आत्या, शुक्रवारच्या गाण्याचं...”

“तेच सांगायचं होतं,” आत्या म्हणाली. “गावात काहीही नवं झालं, शाळेची खोली म्हण, विहीर म्हण, की पहिलं गाणं गयाबाईचं असतं. मी चेअरमनला म्हटलं, या वेळी आमच्या बेबीचं असू दे. वीस वर्षं झाली बघ मला इथं येऊन. अजून मला पुणेकरीणच म्हणतात. म्हटलं, पुण्याचं काहीतरी एकदा यांच्या कामी येऊ दे.”

ती हे हसत म्हणाली. मामा ताटात पाहत होते. माझं वाक्य मी माडग्याबरोबर गिळलं, आणि मला ठसका लागला.

तो ठसका महागात पडला. आत्यानं माझा घसा मनावर घेतला. संध्याकाळपर्यंत शेजारणींना कळलं. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी अडुळशाचा काढा. एक आजी हळद घेऊन आल्या आणि मला उजेडात नेऊन, तोंड उघडायला लावून आत पाहून गेल्या. “लालसर हाय. पण शुक्रवारपत्तुर सुटंल,” असा निकाल त्यांनी दिला. माझा घसा आता गावाचा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवला. म्हैस अर्धपोटी, दूध जेमतेम, आणि ते सगळं सोसायटीत जायचं; हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

“आत्या, मला नको. ते सोसायटीचं आहे.”

“सोसायटीच्याच कामाला जातंय,” आत्या म्हणाली.

मंगळवार

मंगळवारी दुपारी कामावरून बायका लवकर सुटल्या. आत्याच्या ओसरीवर आराधी बायकांचं बसणं होतं. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची गाणी म्हणतात त्या. तुणतुणं, हलगी, झांज. आत्यानं मला मध्ये बसवलं, सगळ्यांना दिसेल असं.

गयाबाई शेवटी आली. पन्नाशीची, काटक, कपाळावर आडवं रुंद कुंकू. दिवसभर माती वाहून आलेली, केसांत अजून धूळ. तिची एक म्हैस सोसायटीला दूध घालते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ही व्हय भाची. बरी हाय.” मग आत्याकडे वळून, “वैनी, पाव्हणी पोर हाय. म्हनू द्या की तिला. म्या काय, रोजचीच हाय.”

यात टोमणा होता की नव्हता हे मला आजही सांगता येणार नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गाणं सुरू झालं. गयाबाई एक ओळ म्हणायची, आणि ओळ संपायच्या आत बाकीच्या तिच्या शेवटच्या शब्दांवर झेप घालून ते वर उचलायच्या. याला झील धरणं म्हणतात. गयाबाईचा आवाज गोड नव्हता. वरच्या सुरात तो फाटायचा, आणि ती त्याला फाटू द्यायची. मी गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होते. तिसऱ्या की चौथ्या गाण्यापर्यंत मी शुक्रवार विसरले होते.

ओसरीच्या कडेला गयाबाईबरोबर तळ्यावर कामाला जाणारी शेवंताबाई हुलगे निवडत बसली होती. ती गात नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, “आमी बौद्ध, बाई. देवीचं आमी सोडलं. तळ्याचं म्हंतो.”

“मग तळ्याचं घ्या,” गयाबाई म्हणाली. “शेवंता का नुसती खडे काढत बसंल?”

तळ्याचं म्हणजे कामावर रचलेलं गाणं. गयाबाईनं उचललं:

“टोपलं भरलं मातीनं, मान झाली जड गं...”

“जड गं, बाई, जड गं,” शेवंताबाईसकट सगळ्यांनी झेललं.

“तळं खनलं हातानं, पान्याबिगर कोरडं गं...”

“कोरडं गं, बाई, कोरडं गं.”

आणि गयाबाई थांबली. झांज खाली ठेवली. “एक आवाज कमी पडतोय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मी ऐकतेय.”

“ऐकून काय करती?”

तिनं हे चेष्टेनं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खण भरून रेकॉर्ड, निळी, घोडा, खुर्चीवाली, इतकी वर्षं, आणि ऐकून मी काय करते हे मला सांगता येईना.

“ऐकायला म्हशी हायत्या की,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. शेवंताबाई सर्वांत जास्त.

“गोल करून बसलं की झील धरायची,” गयाबाई मला म्हणाली. “रीतच हाय. आवाज बरावाईट कोन बगतंय? एकीचा दम सुटला की दुसरीचा लागतो. तू गप बसलीस की माझं वझं मलाच.”

“तिचा घसा शुक्रवारसाठी राखून ठेवलाय,” आत्या अभिमानानं म्हणाली.

मी उठून आत गेले आणि कारण नसताना पाणी प्यायले. ओसरीवर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. माजघरात उभं राहून मी ‘जड गं’ मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग अगदी हळू, ओठांनी. माठाला ऐकू जाईल एवढंच.

पापड

गुरुवारी मी निश्चय केला होता की आत्या एकटी सापडली की सांगायचं. सापडली ती दुपारी, माळवदावरून उतरताना, हातात माझे कपडे.

“ट्रंकेला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. उद्याची साडी उन्हात टाकली. तो पुठ्ठा पण टाकला होता.”

पुठ्ठा म्हणजे ‘खुर्चीवाली’. मी वर धावले. कव्हर जेमतेम हाताळता येईल इतकं तापलं होतं. आतली तबकडी बाहेर काढली तर ती तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पापडासारखी झाली होती, एका बाजूला उचललेली, दुसऱ्या बाजूला दबलेली.

माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण आत्या मटकन खाली बसली.

“बेबी, मला काय ठाऊक गं. कपडे वाळवतातच उन्हात, मला वाटलं...” मग तिनं दोन लाकडी पाट आणले, मध्ये ‘खुर्चीवाली’ ठेवली, वर ज्वारीचं पोतं. त्यावर ती स्वतःही थोडा वेळ बसून राहिली. मी हसले आणि तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. अशा वेळी तिला दुसरं काही सांगणं मला शक्य नव्हतं.

“गाणं अजून आत हाय का त्याच्या?” तिनं विचारलं. इतक्या वर्षांची पुण्याची बोली अशा वेळी तिला सोडून जाते.

“माहीत नाही.”

शुक्रवार

मला जाग आली ती गाण्यानं. आधी वाटलं स्वप्न आहे. सोसायटीच्या दिशेनं, कर्ण्यातून, माझी बास गिटार येत होती. पण लाटेवर बसल्यासारखी, वर, खाली, वर, खाली.

आत्या रेकॉर्ड घेऊन पहाटेच हुसेनभाईंकडे गेली होती. हुसेनभाई येरमाळ्याचे माईकवाले, कर्णे बांधायला रात्रीच गावात आलेले. लग्न असो की सभा, कर्णे आणि रेकॉर्ड प्लेअर त्यांचाच. गाणं आत आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं. मी पोहोचले तेव्हा नव्या खोलीसमोर दूध घालायला आलेल्या बायका चरव्या घेऊन थांबल्या होत्या. सुई तबकडीवर होडीसारखी हेलकावे खात होती. तेवढ्यात ड्रम्स आले, आणि बाभळीवरचे कावळे उडाले.

“ऐ माँ,” हुसेनभाई म्हणाले. “बाई, ये कौन लोगां हैं? भांडायलेत का गायलेत?”

“त्या गड्याला कुणी तरी हानलंय,” शेवंताबाई म्हणाली.

गयाबाई चरवी कमरेवर ठेवून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते. गायक ओरडत होता, तबकडी हेलकावत होती, आणि मग धृपद आलं, चौघांचं एकदम.

“हां,” गयाबाई म्हणाली. “ही बग. झील हाय की ह्यास्नी बी.” आणि रांगेत पुढे सरकली.

आत्या माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. “आहे गं आत. जरा चक्कर आल्यासारखं वाजतंय, पण आहे.” मग आवाज खाली करून, काळजीनं, “तू हेच म्हणणार का आज?”

“नाही. आत्या, मी...”

“बरं झालं. माणसं घाबरली असती. मग कुठलं?”

“आत्या, मला...”

“वैनी, पाव्हण्यांची गाडी दिसली,” चेअरमन ओरडले, आणि आत्या पदर सावरत धावली.

पाहुणे आले. हार झाले. नव्या खोलीची फीत कापली गेली. आत एक टेबल, मापं आणि दुधातली फॅट मोजायचं, हातानं फिरवायचं यंत्र, त्याला झेंडूची माळ. चेअरमन बोलले, दुष्काळावर, तळ्यावर, थेंबथेंब दुधावर. मी बाजूला उभी होते. तळहात इतके ओले झाले होते की ते पाणीसुद्धा म्हशीला जावं असा काहीतरी वेडा विचार मनात आला. शेवटी मामा माईकवर आले. जन्मात पहिल्यांदाच ते इतकं लांब वाक्य बोलले असतील: “आता आमच्या पुण्याच्या भाचीबाई आपल्याला सुरेल आवाजात स्वागतगीत म्हणून दाखवतील, तरी सर्वांनी शांतता राखावी.”

सर्वांनी शांतता राखली. म्हशींनीसुद्धा.

मी माईकपाशी गेले. माईक माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. हुसेनभाईंनी येऊन तो खाली केला, आणि करताना त्याचं तोंड कर्ण्याकडे वळलं. शीळ उठली. कर्कश, लांब, कान फाडणारी. बायकांनी पदर कानावर घेतले, पाहुण्यांनी डोळे मिटले. त्या सबंध गर्दीत तो आवाज ओळखीचा फक्त मला होता. हुसेनभाई घाईनं खटका शोधत होते. शीळ बारीक झाली आणि थांबली, आणि मग नुसता माईक उरला, माझ्या तोंडासमोर.

मी खाली पाहिलं. माती, माझ्या चपला, कापलेल्या फितीचा तुकडा. वाक्य इंग्रजीत तयार व्हायला लागलं होतं.

मग मी वर पाहिलं. आत्या पहिल्या रांगेत, हात घट्ट एकमेकांत धरून बसली होती. मागे बायकांच्या घोळक्यात गयाबाई, चरवी मांडीवर. ती माझ्याकडे पाहत नव्हती. दुसरीकडे पाहत होती, माझी लाज राखायला असावं. कुणीतरी खोकलं. पाहुण्यांनी घड्याळाकडे नजर टाकली. आत्याचे ओठ हलले. सुरू कर, असं ती म्हणत होती.

माझा आवाज कर्ण्यातून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला आणि परत आला, आणि तो माझाच आहे हे कळायला मला क्षण लागला.

“मला गाता येत नाही,” मी म्हणाले. “गयाबाई, तुम्ही तळ्याचं घ्या. मी झील धरते.”